रीसेल फ्लॅट घेताय? टोकन देण्याआधी इमारतीची तब्येत अशी तपासा

‘प्रशस्त टू बीएचके, भरपूर हवा-उजेड, मॉड्युलर किचन, स्टेशन चालत दहा मिनिटं, कव्हर्ड पार्किंग.’ घर विकण्याच्या जाहिरातीत हे सगळं असतं. इमारतीचे कॉलम कसे आहेत, गच्चीचं वॉटरप्रूफिंग शेवटचं कधी झालं, स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये काय निघालं, हे मात्र नसतं. आणि आपणही विचारत नाही. दर, मजला, व्ह्यू, पार्किंग आणि मेंटेनन्स विचारून झालं की थेट टोकनचा विषय निघतो.

वीस-वीस वर्षांचं कर्ज काढून आपण जी वस्तू घेतो, ती खरं तर चार भिंती नसते. एका मोठ्या सांगाड्यातला एक छोटा तुकडा आपण विकत घेत असतो. तुमच्या घरातल्या टाइल्स कितीही चकाचक असल्या, तरी ते घर उभं असतं खालच्या पार्किंगमधल्या कॉलमवर. म्हणून वापरलेलं घर घेताना ते घर आणि ती इमारत, दोन्ही तपासावी लागतात.

यातल्या बऱ्याच गोष्टी तुम्ही स्वतः बघू शकता. काही गोष्टींसाठी इंजिनिअर लागतो. कोणती गोष्ट कोणाची, ते एक-एक करून पाहू.

नवी इमारत म्हणजे सुरक्षित इमारत?

पहिला गैरसमज वयाचा. ‘बिल्डिंग दहाच वर्षांची आहे, काही टेन्शन नाही’ हे वाक्य एजंटकडून हमखास ऐकायला मिळतं.

२४ ऑगस्ट २०२० ला रायगड जिल्ह्यातल्या महाडमध्ये ‘तारिक गार्डन’ ही पाच मजली इमारत कोसळली. १६ जणांचा जीव गेला. ही इमारत जुनाट नव्हती, जेमतेम दहा वर्षांच्या आसपासची होती. या प्रकरणी बिल्डर, आर्किटेक्ट आणि आरसीसी सल्लागारावर गुन्हा दाखल झाला.

त्याच्या पुढच्याच महिन्यात, २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे, भिवंडीतली ‘जिलानी’ इमारत पडली. ती १९८४ च्या सुमाराची. तिथे ३५ हून अधिक लोक दगावले.

२५ जुलै २०१७ ला घाटकोपरमधली ‘सिद्धी साई’ ही चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. तळमजल्यावर नूतनीकरण सुरू होतं आणि त्यात इमारतीच्या खांबांना हात लावला गेला, असा आरोप झाला. म्हणजे वरच्या मजल्यांवरच्या लोकांनी स्वतःच्या घरात काहीही केलं नव्हतं.

आणि हा प्रश्न फक्त स्वस्त घरांचा आहे असंही नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये गुरुग्राममधल्या ‘चिंटल्स पॅराडिसो’ या उच्चभ्रू संकुलातल्या एका टॉवरचे काही मजले अंशतः कोसळले आणि दोघींचा मृत्यू झाला. आयआयटी दिल्लीच्या तपासणीत काँक्रीटमध्ये क्लोराइडचं प्रमाण जास्त असल्याचं आणि त्यामुळे आतल्या सळ्या गंजल्याचं पुढे आलं.

या चार घटनांमध्ये चार वेगळ्या गोष्टी दिसतात: बांधकामाचाच दर्जा, वय, नंतर केलेली तोडफोड आणि वापरलेला माल. वय हा त्यातला एक मुद्दा आहे, एकमेव नाही.

कायदा घेणाऱ्याच्या बाजूने आहे का?

अर्धाच. आणि म्हणूनच तपासणी महत्त्वाची.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ नुसार, मालमत्तेत एखादा मोठा दोष असेल आणि तो विकणाऱ्याला माहीत असेल, तर त्याने तो घेणाऱ्याला सांगायलाच हवा. लपवणं ही फसवणूक धरली जाते. पण यात एक अट आहे. तो दोष असा हवा, जो घेणाऱ्याला माहीत नाही आणि नेहमीची काळजी घेऊनही त्याच्या लक्षात आला नसता.

याचा सरळ अर्थ असा: जे डोळ्यांना दिसत होतं, ते बघणं तुमचं काम होतं. हॉलच्या छतातून सळ्या बाहेर डोकावत होत्या आणि तुम्ही तरी घर घेतलं, तर नंतर ‘मला सांगितलं नाही’ म्हणून फार काही हाती लागत नाही.

इमारत नवी असेल तर रेरा कायद्याचा आधार आहे. रेराच्या कलम १४ नुसार, ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात रचनात्मक दोष निघाला आणि तो बिल्डरच्या लक्षात आणून दिला, तर त्याने तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. नाही केला तर भरपाई मागता येते. फ्लॅट पुढे विकला गेला, तर नव्या मालकालाही ‘अलॉटी’ मानण्याची सोय या कायद्याच्या व्याख्येत आहे. म्हणून पाच वर्षांच्या आतला रीसेल फ्लॅट घेत असाल, तर पहिल्या मालकाला ताबा कधी मिळाला त्याचं पत्र मागून घ्या. त्या तारखेपासूनच पाच वर्षं मोजली जातात, तुमच्या खरेदीपासून नाही.

पाच वर्षांपेक्षा जुनं घर असेल, तर बिल्डरची ही जबाबदारी संपलेली असते. मग उरता तुम्ही, सोसायटी आणि दुरुस्तीचं बिल.

काँक्रीट आतून खराब कसं होतं?

हे एकदा समजलं की पुढचं सगळं बघणं सोपं होतं.

आपल्याकडच्या बहुतेक इमारती आरसीसीच्या असतात. म्हणजे काँक्रीट आणि आत लोखंडी सळ्या. काँक्रीट दाब उत्तम सहन करतं, पण ताण पडला की तडकतं. तो ताण सळ्या घेतात. सळ्यांवर काँक्रीटचं जे आवरण असतं, त्याला साइटवर ‘कव्हर’ म्हणतात. भारतीय मानकानुसार कॉलममध्ये हे कव्हर साधारण ४० मिलिमीटर हवं.

ताजं काँक्रीट खूप अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच १२ च्या वर असतो. अशा वातावरणात लोखंडावर एक पातळ संरक्षक थर तयार होतो आणि ते गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं हळूहळू आत शिरतो आणि काँक्रीटचा पीएच नऊच्या आसपास खाली आणतो. याला कार्बोनेशन म्हणतात. हा परिणाम सळीपर्यंत पोहोचला की संरक्षण संपतं. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेतून, किंवा बांधकामाच्या वेळी वापरलेल्या खाऱ्या पाण्या-वाळूतून क्लोराइड आलं, तर हे आणखी लवकर होतं. त्यात गळतीचं पाणी मिळालं की गंज सुरू.

गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहापट जागा व्यापतो. आत फुगलेला गंज काँक्रीटला बाहेर ढकलतो. आधी सळीच्या रेषेत बारीक भेग पडते. मग तिथे तांबूस डाग दिसतो. मग तुकडा फुगतो आणि एक दिवस खाली पडतो. सळी उघडी पडल्यावर गंजण्याचा वेग आणखी वाढतो आणि सळीची जाडी कमी होत जाते. म्हणजे ज्या सांगाड्याने वजन पेलायचं, तोच बारीक होत जातो.

थोडक्यात, पाणी आणि गंज हे दोन शत्रू. तुमची बहुतेक तपासणी या दोघांचे माग शोधण्याचीच असते.

प्रत्येक भेग घाबरण्यासारखी असते का?

नाही. भेग नसलेलं जुनं घर सापडणं कठीण. भेग कुठे आहे, कोणत्या दिशेने आहे आणि किती रुंद आहे, यावरून ती किती गंभीर ते ठरतं.

*सहसा किरकोळ:* प्लास्टरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या केसाएवढ्या भेगा. त्या प्लास्टर आकसल्यामुळे येतात. विटांची भिंत आणि वरचा बीम यांच्या सांध्यावर आडवी सरळ भेग दिसते, तीही बहुतेकदा दोन वेगळे पदार्थ उन्हाने कमी-जास्त प्रसरण पावतात म्हणून असते. मात्र बाहेरच्या भिंतीवर असेल तर तिथून पाणी शिरतं, त्यामुळे ती बुजवायला हवीच.

*लक्ष द्यावं अशी:* खिडकी किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग. एकाच ठिकाणी असेल तर फार नाही. पण तशीच भेग वरच्या आणि खालच्या मजल्यावरही त्याच जागी असेल, किंवा विटांच्या सांध्यातून पायऱ्यांसारखी चढत गेली असेल, तर पाया एका बाजूने खचत असण्याची शक्यता असते.

*थांबून इंजिनिअरला बोलवावं अशी:* कॉलमवर उभी लांब भेग. बीमच्या मध्यभागी खालून वर गेलेली भेग. बीम जिथे कॉलमला मिळतो तिथली तिरकी भेग. बाल्कनीच्या स्लॅबवर, भिंतीला लागून असलेली आडवी भेग. भिंतीच्या एका बाजूची भेग दुसऱ्या बाजूलाही त्याच रेषेत दिसत असेल तर तीसुद्धा.

रुंदी मोजायला यंत्र लागत नाही. एटीएम कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते. कार्डाची कड भेगेत सहज जात असेल, तर ती भेग ‘हेअरलाइन’ नाही, एजंट काहीही म्हणो.

आणखी एक खूण म्हणजे बुजवलेली भेग पुन्हा उघडलेली असणं. पुट्टीच्या पट्ट्यातून नवीन रेघ दिसत असेल, तर हालचाल अजून थांबलेली नाही.

घरात शिरल्यावर काय बघायचं?

घर दिवसा बघा. दिवे बंद करा, मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून तिरपा धरा. समोरून न दिसणारे फुगवटे, पोपडे आणि लपवलेले पट्टे तिरप्या उजेडात लगेच दिसतात.

बाथरूम आणि टॉयलेटपासून सुरुवात करा, पण आतून नाही. त्यांच्या भिंतीची दुसरी बाजू बघा. बेडरूमच्या ज्या भिंतीमागे बाथरूम आहे, ती भिंत खालच्या दोन फुटांत ओलसर, पांढरी पूड धरलेली किंवा नुकतीच रंगवलेली आहे का? बाथरूमच्या छतावर तांबूस-पिवळे डाग असतील, तर वरच्या घरातून गळती आहे. शक्य असेल तर खालच्या मजल्यावरच्यांकडे जाऊन त्यांचं बाथरूमचं छत बघा. तुम्ही जे घर घेताय त्याची गळती खालच्या घरात दिसते. त्यांचं आणि विकणाऱ्याचं गळतीवरून भांडण चालू असेल, तर ते भांडणही तुम्हाला घरासोबत मिळतं.

छताकडे नीट बघा. स्लॅबवर हाताने किंवा काठीने हलकं ठोकून पाहा. चांगल्या काँक्रीटचा आवाज खणखणीत येतो. प्लास्टर किंवा काँक्रीट सुटलेलं असेल तिथे पोकळ, बद्द आवाज येतो. संपूर्ण घरात फॉल्स सीलिंग असेल तर वरचा स्लॅब बघायचा कसा, हे विचारा. लाइटची एखादी फिटिंग काढून आत टॉर्च मारता येतो. विकणारा त्यालाही नाही म्हणत असेल, तर का म्हणतोय त्याचा विचार करा.

दारं-खिडक्या उघडून बंद करून बघा. एखाद-दुसरं दार पावसाळ्यात फुगून अडकतंच. पण एकाच बाजूची सगळी दारं वरून घासत असतील, चौकटी तिरक्या दिसत असतील, तर ती बाजू खाली बसलेली असू शकते. फरशीवर एक गोटी ठेवा. बाथरूम आणि बाल्कनीत उतार असतोच, हॉल आणि बेडरूममध्ये ती एकाच दिशेला जोरात पळायला नको.

मग फेरफार. दोन खोल्यांची एक केलेली आहे का? किचनची भिंत काढून ओपन किचन केलंय का? बाल्कनी आत घेतली आहे का? आरसीसी इमारतीत आतली विटांची भिंत काढल्याने सहसा सांगाडा पडत नाही. पण बीम किंवा कॉलम फोडून पाइप नेला असेल, कोपरा ‘स्मूथ’ करण्यासाठी कॉलम तासला असेल, तर तो थेट सांगाड्यावर घाव आहे. आणि जुन्या लोड बेअरिंग इमारतीत, म्हणजे जिथे कॉलम नसतात आणि जाड भिंतीच वजन पेलतात, तिथे आतली भिंत काढणंही धोक्याचं. मंजूर नकाशा हातात घेऊन घर त्याच्याशी ताडून बघितलं, की काय बदललंय ते दहा मिनिटांत कळतं.

शेवटी रंग. घर विकायच्या आधी रंग देण्यात गैर काही नाही. पण सगळं घर जुनं आणि एकच भिंत कोरी करकरीत असेल, तर त्या भिंतीबद्दल विचारा. जमलं तर घर एकदा पावसाळ्यात, दोन-तीन दिवसांच्या झडीनंतर बघा. ओल तेव्हा लपवता येत नाही.

घराबाहेर जास्त वेळ घालवा

बहुतेक लोक लिफ्टने वर जातात, घर बघतात आणि लिफ्टने खाली येतात. जिने चढून जा. जिन्याच्या खालच्या बाजूला आणि लँडिंगला कोणी पुट्टी लावत बसत नाही, त्यामुळे इमारतीची खरी अवस्था तिथे दिसते.

पार्किंगमध्ये सगळ्या कॉलमभोवती एक चक्कर मारा. जमिनीपासून तीन-चार फुटांपर्यंतचा भाग विशेष बघा, कारण गाड्या धुतल्याचं आणि पावसाचं पाणी तिथे मुरतं. भेगा, फुगवटे, उघड्या सळ्या दिसतात का? काही कॉलम बाकीच्यांपेक्षा जाड दिसत असतील, तर तिथे जॅकेटिंग झालेलं असू शकतं, म्हणजे जुन्या कॉलमभोवती नव्या सळ्या आणि काँक्रीटचं वेष्टन. योग्य पद्धतीने केलेलं जॅकेटिंग हा इलाज आहे, दोष नाही. पण ते कोणी केलं, कोणत्या अहवालावरून केलं, हे विचारा. कुठे लोखंडी टेकू लावलेले दिसले, तर तो विषय तिथेच थांबवून सोसायटीच्या ऑफिसात जा.

इमारत पार्किंगच्या नुसत्या कॉलमवर उभी असेल, तर या कॉलमची तब्येत आणखी महत्त्वाची. २००१ च्या भूज भूकंपात अहमदाबादमध्ये कोसळलेल्या अनेक बहुमजली इमारतींचा तळमजला असाच मोकळा होता. खाली दुकानं असतील, तर दुकानदाराने जागा मोठी करायला कॉलम किंवा भिंत काढली नाही ना, हे बघा. घाटकोपरचं उदाहरण वर आलंच आहे.

गच्चीवर जा. पाणी साचल्याच्या खुणा, फुटलेला वॉटरप्रूफिंगचा थर, पाण्याच्या टाकीच्या तळाशी गंजाचे डाग, नंतर टाकलेल्या जादा टाक्या, शेड किंवा मोबाइल टॉवर. मूळ आराखड्यात नसलेलं हे वजन शेवटी त्याच कॉलमवर येतं.

आणि डक्टमध्ये डोकावा. ड्रेनेजचे पाइप गळतायत का? भिंतीत पिंपळ उगवलाय का? पिंपळाचं रोप छोटं दिसतं, पण त्याची मुळं भेगांमध्ये शिरून त्या रुंद करतात. शिवाय पिंपळ उगवलाय म्हणजे त्या जागी ओल कायमची आहे आणि अनेक महिने तिकडे कोणी बघितलेलं नाही. त्यातून सोसायटीचा कारभारही कळतो.

बंगला किंवा रो हाऊस घेत असाल तर

विदर्भ, मराठवाडा, सोलापूर अशा भागांत काळी माती आहे. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असेल तर घर दरवर्षी थोडं वर-खाली होतं. भेगा उन्हाळ्यात रुंद होतात आणि पावसाळ्यात मिटल्यासारख्या दिसतात. अशा भागातलं घर पावसाळ्यात बघितलं तर भेग दिसेलच असं नाही. म्हणून तिथे दोन्ही ऋतूंत एकेक चक्कर मारलेली बरी.

पाया किती खोल आहे, मुरमापर्यंत नेला आहे का, प्लिंथ बीम आहे का, हे विचारा. घराभोवतीचं पाणी बाहेर जातंय की भिंतीलगत मुरतंय, हेही बघा. नंतर चढवलेला वरचा मजला असेल, तर त्याची परवानगी आणि त्या वेळचं इंजिनिअरचं डिझाइन मागा. एका मजल्यासाठी घातलेला पाया दोन मजले पेलेलच असं नाही.

सोसायटीकडे कोणते कागद मागायचे?

*स्ट्रक्चरल ऑडिट रिपोर्ट.* महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी ऑडिट व्हायला हवं. मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३ब नुसार ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी बंधनकारक आहे. राज्यातल्या इतर महापालिकांसाठीही कलम २६५अ मध्ये अशीच तरतूद आहे.

रिपोर्टमध्ये इमारतीचा वर्ग बघा. मुंबईत तो असा असतो:
- सी-१: अतिधोकादायक, रिकामी करून पाडण्यायोग्य
- सी-२अ: पूर्ण किंवा अंशतः रिकामी करून मोठी दुरुस्ती
- सी-२ब: रिकामी न करता रचनात्मक दुरुस्ती
- सी-३: किरकोळ दुरुस्ती

अनेक महापालिका पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची यादी जाहीर करतात. त्यात नाव आहे का ते बघायला पैसे पडत नाहीत.

*भोगवटा प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशा.* ओसी नसेल तर इमारत मंजूर नकाशाप्रमाणे बांधली गेली, याला कोणाचाच दाखला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारमध्ये कोसळलेली ‘रमाबाई अपार्टमेंट’ अनधिकृत होती. तिथे १७ जणांचा बळी गेला.

*सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं, मागच्या तीन-चार वर्षांची.* हा सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात उपयोगी कागद. गळतीच्या तक्रारी, दुरुस्तीचे कोटेशन, ‘पुढच्या सभेत बघू’ म्हणून ढकललेले विषय, सगळं त्यात असतं. विकणारा स्वतः सभासद आहे, तो हे मागू शकतो.

*सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी.* आदर्श उपविधींत सिंकिंग फंडासाठी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधीसाठी ०.७५ टक्के वर्गणी धरलेली आहे. हा निधी प्रत्यक्षात किती जमा आहे, ते ताळेबंदात दिसतं. मेंटेनन्स फारच कमी आहे म्हणून खूश होण्याआधी हा आकडा बघा.

समजा ४० फ्लॅटची सोसायटी आहे, दुरुस्तीचा अंदाज १ कोटी २० लाखांचा आहे आणि निधीत २० लाखच आहेत. उरलेल्या १ कोटीत प्रत्येक फ्लॅटच्या वाट्याला अडीच लाख येतात. विकणारा हे पैसे भरण्याआधीच निघून जाणार असेल, तर ते अडीच लाख घराच्या किमतीतच धरायला हवेत.

इंजिनिअर कधी बोलवायचा?

इमारत १५ वर्षांपुढची असेल, वरची एखादी गंभीर खूण दिसली असेल किंवा सोसायटीकडे ऑडिटच नसेल, तर टोकनआधी स्वतःचा स्ट्रक्चरल इंजिनिअर न्या. इंटिरिअर डिझायनर, ठेकेदार किंवा एजंटचा ओळखीचा माणूस नको.

अनुभवी इंजिनिअरला नुसतं फिरूनही बरंच कळतं. शंका आली तर तो चाचण्या सुचवतो. रिबाउंड हॅमरने काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा मोजतात. अल्ट्रासोनिक चाचणीत ध्वनिलहरी काँक्रीटमधून पाठवतात, आत पोकळी किंवा भेगा असतील तर त्यांचा वेग मंदावतो. हाफ सेल चाचणीतून सळ्या गंजण्याची शक्यता कळते. कार्बोनेशनसाठी काँक्रीटच्या ताज्या तुटलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन फवारतात. चांगलं काँक्रीट गुलाबी होतं, कार्बोनेशन झालेला भाग रंग बदलत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतला तोच प्रयोग.

कॉलम-बीम सोसायटीच्या मालकीचे असल्यामुळे या चाचण्यांना सोसायटीची परवानगी लागते. म्हणून आधी सोसायटीचा स्वतःचा रिपोर्ट मागणं सोयीचं. तो आणून तुमच्या इंजिनिअरला वाचायला दिला, तरी निम्मं काम होतं.

‘बँकेने कर्ज मंजूर केलं, म्हणजे इमारत चांगलीच असणार’ असंही अनेकांना वाटतं. बँकेचा व्हॅल्युअर मुख्यतः किंमत ठरवायला येतो. इमारतीचं वय आणि साधारण अवस्था तो नोंदवतो, पण ती भेट म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट नव्हे.

दोष सापडला, तर घर सोडून द्यायचं?

प्रत्येक वेळी नाही. बाथरूमची गळती, बाहेरच्या भिंतीच्या भेगा, एखाद-दोन ठिकाणी सुटलेलं काँक्रीट हे दुरुस्त होतं. त्याचं कोटेशन घ्या आणि किमतीत वजा करून मागा. सी-२ब वर्गातली इमारतही, सोसायटीने दुरुस्तीचा ठराव केला असेल, पैसे जमा असतील आणि काम सुरू झालं असेल, तर विचारात घेता येते.

पण अनेक कॉलमवर गंजाच्या भेगा, पाया खचल्याच्या खुणा, ओसी नाही आणि सोसायटी रिपोर्ट दाखवत नाही, असं एकत्र दिसलं तर थांबा. ‘लवकरच रीडेव्हलपमेंटला जाणार आहे’ या आश्वासनावर विसंबू नका. बिल्डर ठरलाय का, करार झालाय का, हे कागदावर बघा. नाहीतर धोकादायक घरात किती वर्षं काढायची, ते तुमच्या हातात राहत नाही.

टोकन द्यायचंच असेल, तर पावतीवर एक ओळ लिहून घ्या: ‘स्ट्रक्चरल तपासणीचा अहवाल समाधानकारक नसल्यास टोकनची पूर्ण रक्कम परत केली जाईल.’ पुढच्या करारनाम्यात विकणाऱ्याकडून आणखी दोन गोष्टी लिहून घ्या. एक, घरात कोणतेही विनापरवाना रचनात्मक बदल केलेले नाहीत. दोन, मंजूर झालेल्या दुरुस्तीची वर्गणी कोण भरणार. हा मजकूर वकिलाकडून तपासून घ्या.

या सगळ्याला दोन-तीन शनिवार-रविवार जातील. एजंट म्हणेल, ‘दुसरी पार्टी तयार आहे, आजच सांगा.’ असेल तयार. दुसऱ्या पार्टीने कॉलम बघितलेत का, ते तुम्हाला माहीत नाही. तुम्ही मात्र बघूनच घ्या.